किराकिरा

शनिवार, ६ सप्टेंबर

आज जॅकलीनने मला ड्रायव्हर केलं. हॉटेलचा ड्रायव्हर तापाने पडलाय. म्हणाली, "अंकल, प्लीज, दुबई एअरपोर्टला जाऊन याल का? नवी सिंगर येतेय, नाओमी नाव आहे. थ्री मंथ्सचं काँट्रॅक्ट." जॅकलीन आमच्या हॉटेलचं रेस्टॉरंट आणि टेरेसवरचं लाउंज सांभाळते. वसईचीच, गिरीजची. वयाने मुलीसारखी आणि हुद्द्याने साहेब, त्यामुळे नाही म्हणण्याची दोन्हीकडून पंचाईत.

नाओमी म्हटल्यावर मी आपली समजूत करून घेतली. आमच्याकडे चर्चमध्ये दर तिसऱ्या बाकावर एक नाओमी बसलेली असते. ही गोव्याची असेल, फार तर बांद्र्याची. पाटी धरून मी गळ्यात क्रूस असलेली बाई शोधत राहिलो. एक जपानी बाई कीबोर्डची लांब पेटी घेऊन बराच वेळ माझ्यासमोर उभी होती, तिला मी बाजूला व्हायलाही सांगितलं. तिने पाटीवरच्या नावावर बोट ठेवलं आणि कमरेत वाकली.

रास अल खैमाला आमच्या हॉटेलपर्यंतचा रस्ता सरता सरेना. तिचं इंग्रजी बेताचं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, उद्या रविवार, चर्चला येणार का? "हाय," ती म्हणाली. हॉटेलचं जेवण तिखट असतं, चालेल का? "हाय." एसी कमी करू? "हाय." आमच्या गावात जुनी माणसं 'आहे'ला हाय म्हणतात, तसंच अगदी. अशा बाईशी भांडण होणं कठीण.

परत आल्यावर जॅकलीनने केबिनमध्ये बोलावलं. मालक लाउंजला कंटाळलाय. डिसेंबरात येऊन बघणार, गर्दी नसेल तर लाइव्ह म्युझिक बंद आणि एक लॅपटॉपवाला डीजे. मी विचारलं, "आणि मी?" ती फाइल चाळत म्हणाली, "तुमचा व्हिसा साउंडच्याच पोस्टवर आहे ना, अंकल."

म्हणजे डिसेंबरपर्यंत ही जपानी बाई चालली पाहिजे. नाहीतर मी वसईत. अठ्ठावीस वर्षं गल्फमध्ये काढल्यावर वसईत मी काय करणार, बायकोच्या, बर्थाच्या पायात पायात? तिथे माझी चप्पल ठेवायलाही ठरलेली जागा नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

साउंडचेक. नाओमी गाते आणि कीबोर्ड वाजवते. बेसवर जुनजुन, ड्रमवर त्याचा चुलतभाऊ, दोघेही फिलिपिनो. गाणी तिची स्वतःची. टोकियोत चाळीसेक वर्षांपूर्वी सिटी पॉप नावाची गाणी निघाली होती म्हणे, उंच इमारती, रात्रीचे दिवे, मोटारीतून फिरणारी प्रेमी जोडपी. ती चाल वर, आणि खाली चक्क जमैकाचा रेगे. रेगेत ठेक्याची पहिलीच जागा मोकळी सोडतात. आपला पाय तिथे आपटतो आणि खाली काहीच नसतं. जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे असं वाटावं तसं. पण बेस काय सुंदर. पोटात वाजतो.

पहिलं गाणं संपल्यावर ती माझ्या साउंड मिक्सरपाशी आली, कीबोर्डच्या चॅनलकडे बोट दाखवून म्हणाली, "किराकिरा." दोनदा म्हणाली. मला एवढं जपानी आपोआप समजलं. आवाज किरकिर करतोय. वरच्या पट्टीच्या नॉबवर 'हाय' असं लिहिलेलं असतं. मी त्याच्याकडे बोट केलं. "हे?" "हाय." "कमी करू?" "हाय." पूर्ण खाली आणला. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि वाकून परत गेली.

खरं सांगायचं तर मला ती किरकिर आधीही ऐकू आली नव्हती. फरकही फारसा पडला नाही. पण जपानी माणसांचे कान तिखट असतात. मला आनंद झाला की इतक्या वर्षांनी एका कलावंताला माझ्याशी नीट बोलावंसं वाटलं. वसईच्या लग्नांत बँडचा एक क्लॅरिनेट जरा चढला तरी मी मांडवाच्या दारातून सांगायचो. माझ्या कानांवरच माझं घर उभं राहिलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

बर्थाचा फोन. रोज संध्याकाळी तिची रोझरी झाली की येतो. हल्ली ती तोंडातल्या तोंडात बोलते. दात काढल्यापासून असेल, किंवा नेटवर्क. सगळे शब्द कडेला कुरतडल्यासारखे येतात. पूर्वी मी "काय? काय?" करायचो, मग ती चिडायची. आता फोन स्पीकरवर ठेवतो, कांदा चिरतो आणि मध्येमध्ये "हो, हो" म्हणतो. तीही खूश दिसते. पूर्वी पाच मिनिटांत ठेवायची, आता अर्धा अर्धा तास बोलते. लग्नाच्या इतक्या वर्षांनी आमचं असं जमून आलंय.

लाउंज निम्मं रिकामं. पण नाओमीने रेगेची गाणी वाढवलीत. माझा बेस तिला आवडला असणार.

रविवार, ५ ऑक्टोबर

नाओमी दर रविवारी चर्चला येते. ती ख्रिस्ती नाही हे मला तिसऱ्या रविवारी कळलं, तेही जॅकलीनकडून. मी म्हटलं, मग येतेस कशाला? तिने फोनमधल्या भाषांतरवाल्याला सांगितलं आणि त्याने मला वाचून दाखवलं: तुम्ही बोलावता म्हणून. आणि खोलीत फार शांत असतं म्हणून.

दुपारी आम्ही किचनच्या मागच्या बाकावर जेवतो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. समोर कचऱ्याचे डबे आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. आज तिने फोटो दाखवला. तिचे वडील समुद्रकाठी नूडल्सचं दुकान चालवायचे. दुकानात जमैकाची एकच कॅसेट होती, ती दिवसभर वाजायची. आई मात्र शहरातली, तिला शहरातली गाणी हवी असायची. शेवटी आई शहरात परत गेली. "वरचं शहर, खालचा समुद्र," फोनमधला माणूस म्हणाला. "मला दोघं एका गाण्यात हवीत."

मी म्हटलं, छान आहे. मला माझी सांगण्यासारखी गोष्ट आठवेना. बर्थाचा फोटो दाखवला, तोही सात-आठ वर्षांपूर्वीचा निघाला.

बुधवार, १५ ऑक्टोबर

जॅकलीनने बोलावलं. "अंकल, गेस्ट कम्प्लेंट करतायत. सगळं दबल्यासारखं येतंय, जैसे कोणी ब्लँकेट टाकलंय. वर्ड्स पण क्लिअर नाहीत."

"जपानी वर्ड्स क्लिअर आले तरी कोणाला समजणार आहेत?"

"मजाक नको. मालक डिसेंबरात येतोय."

मी सांगितलं की मी मनाने काहीच केलेलं नाही, नाओमीनेच किरकिर कमी करायला सांगितली. जॅकलीनने नाओमीला बोलावलं, स्वतःच्या फोनमध्ये मराठी निवडली आणि म्हणाली, बोल. नाओमीने फोनपाशी तोंड नेऊन तो शब्द म्हटला. फोनमधल्या बाईने शांतपणे सांगितलं: "चमचमणे. लुकलुकणे. ताऱ्यांप्रमाणे."

जॅकलीन खुर्चीत मागे रेलून हसली. मीही हसलो. म्हणजे बिचारी महिनाभर चमचम मागत होती आणि मी ती पुसून टाकत होतो. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तिला वाटलं, मी मोठा माणूस आहे, जुनाजाणता आहे, ही माझीच काही पद्धत असेल, म्हणून तिने गाणी त्याप्रमाणे बदलली. वर तीच माझी माफी मागत वाकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्या तिला अशी चमचम देतो की मालकाला दुबईपर्यंत दिसेल.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

वाईट दिवस.

नॉब मध्यावर आणला, काही फरक नाही. आणखी वर, तरी नाही. चॅनलचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, लाल झाला, म्हणजे आवाज आत येतोय, पण बाहेर पडत नाहीये. स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा भोंगा, गेलेला असणार. अजून थोडा वर नेला. तेवढ्यात पुढच्या टेबलावरच्या रशियन बाईने दोन्ही कान दाबले. एक लहान मुलगा रडायला लागला. जुनजुन बेस गळ्यात तसाच ठेवून हात हलवत माझ्याकडे धावत आला. नाओमी गात होती, डोळे घट्ट मिटून.

लोकांना हल्ली कशाचाही त्रास होतो.

शनिवार, १८ ऑक्टोबर

ट्वीटर बदलला. नवाही गेलेलाच. स्टोअरमधून तिसरा आणला, तोही तसाच. सगळा लॉटच खराब, चायना माल. जुनजुनला म्हटलं, तूच कान लावून बघ. त्याने लावला आणि पटकन मागे घेतला. माझ्याकडे बघून म्हणाला, "ओके सर लॉरेन्स. इट्स ओके." फिलिपिनो लोक फार मऊ. तोंडावर कधी वाईट बोलायचे नाहीत.

दोन दिवस जॅकलीनने मला हाक मारलेली नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

लिहावं की नाही कळत नाही.

दुपारी लाउंजमध्ये कोणी नव्हतं. मी स्पीकर उघडून बसलो होतो. नाओमी आली, कीबोर्ड लावला आणि फोनमधून मला सांगितलं: ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा. मला वाटलं, कीबोर्ड तपासायचा असेल. हात वर केला. खालच्या सुरापासून एक एक पट्टी दाबत ती वर गेली. शेवटी आली तसं तिने आवाज आणखी एक सप्तक वर नेणारं बटण दाबलं आणि पुन्हा पुढे निघाली. घंटेसारखा सूर होता, बारीक होत गेला आणि मग थांबला. मी हात खाली घेतला.

तिची बोटं थांबली नव्हती. एकामागून एक पट्ट्या खाली जात होत्या. अजून बऱ्याच.

मी विचारलं, केबल काढलीस का?

"इइए," ती म्हणाली. फोनला विचारावं लागलं नाही. नाही म्हणत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नाही म्हणाली.

मी तिला पुन्हा वाजवायला सांगितलं. तिने वाजवलं. मी स्पीकरला कान लावला. मग बोट लावलं. बोटाला थरथर लागत होती.

तिने कीबोर्ड बंद केला आणि शेजारी बसून राहिली. मला तिचा राग आला. मग माझ्यावरच आला. मग काहीच येईना.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

क्लिनिकमध्ये मल्याळी डॉक्टर बाई. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा. मी बसून राहिलो, म्हटलं मशीन सुरू केलेलं दिसत नाही. ते केव्हाचं सुरू होतं.

कागदावर रेघ डावीकडून सरळ येते आणि मग घसरगुंडीसारखी खाली. "इतनी साल स्पीकर के पास बैठे," ती म्हणाली. "पहले स, श, फ, ऐसे लेटर जाते हैं. फॅमिली ने बोला नहीं कभी?" कानात घालायच्या मशीनची किंमत तिने पाच हजार दिरहम सांगितली. मी मोठ्याने म्हटलं, म्हणजे एक लाख वीस हजार. ती म्हणाली, दोन कानांचे मिळून आहेत. मी विचार करून सांगतो म्हटलं.

विचार पैशांचा नव्हता. कानात मशीन घातलेला साउंडवाला. पायलटने गॉगलवर पांढरी काठी घ्यावी तसं. कोण ठेवेल?

जॅकलीनला सांगितलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आमची एक पद्धत बसली आहे. गाताना नाओमी डावा खांदा उचलते, म्हणजे चमचम वाढवा. हनुवटी खाली, म्हणजे कमी करा. दोन्ही स्थिर, म्हणजे बरोबर. बेस मी माझा सांभाळतो, तो अजून माझा आहे. गेल्या आठवड्यापासून टेबलं भरायला लागलीत. लोक वाहवा करतात. मला कळत नाही कशाची.

हे फार एकटं काम आहे. समोर दीडशे माणसं काहीतरी ऐकतायत, त्यांच्यात मीच एकटा बाहेर उभा. ते त्यांना मीच वाढतोय, आणि चव माहीत नाही.

जेवताना नाओमीला विचारलं, तू 'हाय' म्हणतेस ते होकाराचं की कसं? तिने फोनला बरंच काही सांगितलं. 'हाय' म्हणजे फक्त एवढंच की तुमचं बोलणं माझ्यापर्यंत आलं. पटलं की नाही ते वेगळं. मला गंमत वाटली. समोरच्याने काय समजायचं? काय विचित्र लोक.

बर्थाचा फोन आला होता, नेहमीसारखाच लांब. मध्ये थांबली, पुन्हा काहीतरी विचारल्यासारखं बोलली. मी हो म्हटलं. ती एकदम उत्साहाने पुढे बोलायला लागली. कानाचं तिला सांगायचं राहिलंच.

शुक्रवार, ५ डिसेंबर

मालक आला. आई, बायको, भाऊ, सगळ्यांना घेऊन. नाओमीने पहिलं गाणं सुरू केलं आणि मी तिच्या खांद्यावरून नजर काढली नाही. खांदा वर, मी वर. हनुवटी खाली, मी खाली. डोळ्याच्या कडेला दिसलं, मालकाच्या म्हाताऱ्या आईने टेबलावर बोटाने ठेका धरला आणि बरोबर मोकळ्या जागेवर धरला, कोणी न शिकवता. शेवटी मालक जॅकलीनला म्हणाला, "खलास, डन. म्युझिक रहेगा."

सगळे गेल्यावर जॅकलीन आली. वायर गुंडाळायला लागली, जे तिचं काम नाही. म्हणाली, "अंकल, तुम्ही मिक्सरकडे एकदा पण बघितलं नाही. ओन्ली तिच्याकडे. कधीपासून?"

मी म्हटलं, "काय कधीपासून?"

"मी मागून दोनदा हाक मारली."

मी वायरचं दुसरं टोक धरलं. सांगितलं तिला. वाटलं आता जाणार नोकरी. तिने वायर पुरती गुंडाळली, कपाटात ठेवली आणि म्हणाली, "चष्मा लावतो ना माणूस? मशीन लावा आणि नवं काँट्रॅक्ट साइन करा. मला साउंड चांगला पाहिजे, कान कुणाचे आहेत त्याचं काय घेऊन बसलात?"

मंगळवार, ९ डिसेंबर

काल सही केली. आणखी दोन वर्षं. आज मशीन बसवलं.

क्लिनिकच्या बाहेर आलो आणि दचकलो. माझ्या चपला आवाज करतात. प्लॅस्टिकची पिशवी कडकडते. गाडीचा इंडिकेटर टिकटिक करतो, केव्हापासून कोण जाणे. थेट लाउंजमध्ये गेलो. नाओमी सामान बांधत होती, तिचं पुढचं काँट्रॅक्ट क्वालालंपूरला. कानाकडे बोट दाखवलं. तिने पेटी पुन्हा उघडली आणि ते गाणं वाजवलं, कोणी नसताना, दिवसाउजेडी.

तर हे होतं वर. मी तीन महिने त्याच्याखाली बसलो होतो. मी रडलो, ती बघत असताना रडलो.

विमानतळावर मीच सोडलं. म्हटलं, पुन्हा येशील ना इकडे? "हाय," ती म्हणाली. आता त्याचा अर्थ मला माहीत आहे, म्हणून पुन्हा विचारलं नाही. परत येताना गाडीत सगळं स्वच्छ ऐकू येत होतं आणि ऐकायला कोणी नव्हतं.

बुधवार, १० डिसेंबर

आज कांदा चिरला नाही. बर्थाच्या फोनची वाट बघत नुसता बसलो. वाजल्याबरोबर उचलला आणि सगळं सांगून टाकलं, कान, डॉक्टर, मशीन. म्हटलं, आता तुझा एक एक शब्द ऐकू येतो, बोल. तिचा आवाज म्हातारा झालाय. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तिकडे मागे पंखा फिरत होता, त्याचीही पाती ऐकू येत होती.

"काय बोलू?" ती म्हणाली.

"रोज बोलतेस तेच."

"ते तुला ऐकू येत नव्हतं म्हणून बोलत होते."

मला वाटलं मशीन बिघडलं. पण ती पुढे बोलत होती, हळू, आणि सगळं मला कळत होतं. तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. आधी राग आला. मग एकदा गुडघ्यांचं रडगाणं सांगून बसली, मी हो म्हणालो. मुलाशी भांडण झालं ते सांगितलं, मी हो म्हणालो. माझ्याबद्दलच्या तक्रारी सांगितल्या, त्यांनाही हो. "भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं होतं, लॉरेन्स. भिंत हो म्हणत नाही."

मी म्हटलं, "मला सांगायचंस की, मोठ्याने."

"मोठ्याने सांगितलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस."

मग म्हणाली की गेल्या महिन्यात तिने विचारलं होतं, कायमचा परत येतोस का. मी लगेच हो म्हणालो होतो. "चार दिवस मी मजेत होते. धरून चालले नव्हते, काळजी करू नकोस. पण मजेत होते."

"आता विचार," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

तिने विचारलं. तोच प्रश्न, साधा, सगळ्या अक्षरांसकट. टेबलावर माझ्या काँट्रॅक्टची प्रत होती. पंखा फिरत होता, तिकडे कोणीतरी हातपंप हापसत होतं, तिचा श्वास ऐकू येत होता. माझ्या तोंडून हो निघालं नाही. नाहीही निघालं नाही.

"बघ," ती म्हणाली, रागावली नव्हती. "ऐकू आलं की असं होतं."

मग तिने जेवलास का विचारलं. मी आमटी, भात, सुरमईचा तळलेला तुकडा, सगळं सविस्तर सांगितलं. मी अजून जेवलो नव्हतो.